रेफ्रीला दिलेला पास

बाबांचा नवा चष्मा आणायला मी गेले ती निव्वळ सोबत म्हणून. जुना चष्मा त्यांनी स्वतःच खुर्चीवर ठेवला होता, स्वतःच त्यावर बसले होते आणि दोष मात्र खुर्चीला दिला होता. चष्म्याशिवाय त्यांना रस्ता ओलांडवेना, म्हणून मी त्यांचा हात धरून दुकानात शिरले. दारातून मला काउंटरमागे नुसता एक निळा शर्ट दिसला. जवळ गेल्यावर त्या शर्टाचा माणूस झाला... आणि मी बाबांचा हात सोडून पळायच्या बेतात आले.

तो होता. कालचा. शिट्टीवाला!

कालच्याच मॅचमध्ये त्याने मला बाहेर काढलं होतं. पाच फाउल झाले की खेळाडूने गुपचूप बेंचवर जाऊन बसायचं, हा बास्केटबॉलचा नियम. मी पाच फाउल मध्यंतरानंतर लगेचच पुरे केले होते. आणि गुपचूप जाणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी त्याच्यासमोर उभी राहून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडले होते, "अहो सर, दिसतं का तुम्हाला? चष्मा लावा, चष्मा!"

आता तो माझ्यासमोर उभा होता. आणि त्याच्या मागे भिंतभर चष्मे.

"या," तो म्हणाला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "कालचा सल्ला मी मनावर घेतलाय. बघा, किती लावलेत."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. बाबा आमच्याकडे आळीपाळीने बघत होते — म्हणजे आवाजाच्या दिशेने.

"ओळखता तुम्ही एकमेकांना?"

"थोडंसं," तो म्हणाला. "काल भेट झाली. यांची जरा लवकर आटोपली."

त्याने बाबांच्या नाकावर नवा चष्मा चढवला, कानामागे काडी जरा वाकवली, पुन्हा चढवला. हात मोठे होते, पण काम अगदी हलकं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तुम्हीही डोळे तपासून घ्या."

"माझे डोळे ठणठणीत आहेत."

"समोरची ती पाटी वाचता?"

"त्यात काय वाचायचं!" मी डोळे बारीक करून रस्त्यापलीकडे बघितलं. "बूट आणि चपला."

बाबांनी नव्या चष्म्यातून बाहेर पाहिलं. चष्मा नाकावर जरा वर सरकवला. मग हळूच म्हणाले, "अगं... बँक आहे ती."

"मग पाटी तरी नीट लावावी त्यांनी!"

"मला कधीपासून शंका होती," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात तुम्ही मला पास दिला होता. आठवतं?"

विसरणार कशी? मी गार्ड. टीमचा चेंडू आधी गार्डच्या हातात येतो. तो खेळवत पुढे न्यायचा, कोण मोकळं आहे ते हेरायचं आणि नेमका तिच्या हातात ठेवायचा, हे गार्डचं काम. माझं ड्रिबल बघायला शेजारच्या कॉलेजातल्या मुली यायच्या. चेंडू माझ्या हाताला जणू दोरीने बांधलेला असायचा. धावायचे तर अशी, की टीममध्ये मला भिंगरीच म्हणायचे. पण माझे लांबचे पास हा एक वेगळाच विषय होता. ते जायचे जोरात, जायचे सुरेख, फक्त कुणाकडे जातील ते सांगता यायचं नाही. त्या मॅचमध्ये मी कोपऱ्यात मोकळी उभी असलेली आमची एक मुलगी हेरली होती आणि सगळा जीव ओतून पास फेकला होता. ती मुलगी नव्हती. तो हा होता. चेंडू याच्या पोटात बसला होता आणि शिट्टी तोंडातून उडून पहिल्या रांगेत पडली होती.

"तो अंदाज चुकला," मी म्हणाले.

"अंदाज उत्तम होता. बरोबर मधोमध बसला. रेफ्रीला इतक्या मनापासून पास देणारी गार्ड मी अजून पाहिली नाही."

बाबा हसले. आपल्याच मुलीच्या फजितीवर हसणारा बाप मिळायलाही नशीब लागतं. मी रागारागाने आतल्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. हे सिद्ध करायला, की माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

आतली खोली म्हणजे पडदा लावलेली एक अरुंद बोळ होती. एका टोकाला उजळलेला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला मी. त्याने दिवा मालवला आणि माझ्या नाकावर एक जाडजूड लोखंडी फ्रेम ठेवली. दुकान त्याच्या मामांचं. तो डोळे तपासण्याचा कोर्स करत होता, शेवटच्या वर्षाला होता, आणि सुट्टीच्या दिवशी मॅचेसमध्ये शिट्टी वाजवायचा. हे त्याने काचा पुसता पुसता सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पण थांबवलंही नव्हतं.

"आधी खेळायचो मी," तो म्हणाला. "इतका वाईट खेळायचो, की शेवटी कोचनीच हातात शिट्टी दिली. म्हणाले, तू कोर्टवर राहा, फक्त चेंडूला हात लावू नकोस."

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. फ्रेम घसरली.

त्याने ती पुन्हा नीट बसवली. एक काच घातली. "हे बरं..." काच बदलली. "...की हे?"

"पहिलं."

"आता, हे — की हे?"

"परत दाखवा."

"हे... की हे?"

"सारखंच वाटतंय. परत दाखवा."

त्याने परत दाखवलं. तो वाकून माझ्या अगदी समोर उभा होता. साबणाचा वास येत होता. मी आणखी एकदा परत दाखवायला सांगितलं. खरं तर दुसरी काच चांगली होती, ते मला मघाशीच कळलं होतं.

"आता तक्ता वाचा," तो बाजूला होत म्हणाला.

मी वाचला. वरपासून खालपर्यंत. खालची अक्षरं मुंगीएवढी, पण एकेक कोरल्यासारखी. मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला एका गालावर खळी आहे. इतक्या मॅचेस झाल्या, इतक्यांदा याच्याशी भांडले... आणि ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती!

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "नंबर लागलाय वाटतं."

चष्मा लावून खेळणं धोक्याचं, म्हणून लेन्स घ्यायचं ठरलं. त्या डोळ्यांत घालायला शिकणं म्हणजे निव्वळ तमाशा होता. समोरच्या खेळाडूच्या अंगावर बेधडक जाणारी मी, स्वतःच्या बोटाला घाबरत होते. बोट जवळ आलं की पापणी मिटायची. तो शेजारी आरसा धरून उभा.

"डोळा उघडा ठेवा."

"ठेवलाय!"

"हे तोंड आहे. डोळा उघडा ठेवा."

मी पहिली लेन्स त्याच्या शर्टावर पाडली, दुसरी आरशावर चिकटवली, आणि तिसरी कुठे गेली ते मामांच्या दुकानात आजतागायत कुणाला सापडलेलं नाही. मामा मधूनमधून पडद्यातून डोकावत आणि सुस्कारा सोडत. अखेर एक लेन्स बसली. मग दुसरी. मी डोळे मिचकावले, गाल ओले झाले होते.

"रडता काय?"

"पाणी आलंय. तुमच्यासाठी नाही, लेन्ससाठी."

"माझा तसा दावाही नव्हता," तो म्हणाला. आणि ती खळी!

त्यानंतर प्रॅक्टिसला गेले त्या दिवशीची गंमत सांगायलाच हवी. मी कोर्टच्या मध्यावर उभी राहिले आणि नुसती बघतच राहिले. रिंगला जाळी होती, आणि तिचा एक धागा सुटलेला होता. स्कोअरबोर्डवर आकडे होते, प्रकाशाचे गोळे नव्हते. आमची सर्वांत उंच खेळाडू, जिला आम्ही खांब म्हणायचो, ती रिंगखाली उभी राहून मला हात करत होती.

"तू कधीपासून हात करतेस अशी?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षापासून!" खांब म्हणाली. "मला वाटायचं, तुझा माझ्यावर राग आहे."

त्या दिवशी मी तिला लांबून, तीन जणींच्या मधून पास दिला. तो सरळ तिच्या हातात जाऊन बसला. खांबाने चेंडूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बास्केट करायचं विसरून गेली. आमच्या कोच मॅडम, ज्यांच्या तोंडून कौतुक काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. पण पुढच्या मॅचला माझं नाव पहिल्या पाचांत होतं.

नजर सुधारली, पण माझे हात सुधारले नव्हते. कुणी चेंडू घेऊन शेजारून निघाली की माझा हात आपोआप तिच्या मनगटावर जायचा. आणि तो शिट्टी वाजवायचा. ओळख झाली म्हणून जरा डोळेझाक करील, तर नाव नको! उलट मला शंका यायला लागली, की हा माझ्याकडेच जास्त बघतो.

"बघतोच," एकदा मी विचारलं तेव्हा तो म्हणाला. मग घाईघाईने, "म्हणजे — तुम्ही फाउलच इतके करता, की दुसरीकडे बघायला फुरसत मिळत नाही."

पुढची एक मॅच पावसाने थांबली होती. हॉलवर पत्र्याचं छप्पर. वर असा धडधडाट, की शिट्टीसुद्धा ऐकू येईना, आणि बरोबर फ्री थ्रोच्या, म्हणजे कुणी न अडवता नेम धरायच्या, रेषेवर पाणी ठिबकायला लागलं. खाली बादली ठेवली. सगळ्या मुली बेंचवर गाणी म्हणत बसल्या, आणि मी बाहेरच्या व्हरांड्यात चहा घेत उभ्या असलेल्या माणसाशी वाद घालायला गेले.

"मला सांगा, मी अडवायचं तरी कसं? हात लावायचा नाही, ढकलायचं नाही... मग काय, विनंती करायची तिला?"

"पाय वापरा." त्याने कप कठड्यावर ठेवला. "हात मागे बांधा. हं. आता मी चेंडू घेऊन निघालो असं समजा. मला अडवा."

तो डावीकडे सरकला. मी हात पाठीमागे धरून डावीकडे सरकले. तो उजवीकडे, मी उजवीकडे. कठड्यावरून पावसाचे तुषार येत होते, फरशी निसरडी होती, आणि आम्ही दोघं त्या व्हरांड्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे... तो अचानक थांबला. मी थांबले नाही. माझं कपाळ त्याच्या शर्टाच्या बटणावर आपटलं.

"हा तुमचा फाउल," तो म्हणाला.

"तुम्ही मध्येच थांबलात."

"थांबलेल्या माणसावर आपटलं की आपटणाऱ्याचाच फाउल. नियम आहे."

"किती वेळ असं उभं राहायचं, याचाही नियम आहे का?"

तेवढ्यात दारातून खांबाचं डोकं बाहेर आलं. "भिंगरे, पाऊस थांबून बराच वेळ झाला! मॅडम विचारतायत, सरांचा चहा संपला असेल तर मॅच सुरू करायची का?"

पुढचं वर्ष माझं होतं. मी पाय वापरायला शिकले. पहाटेच्या गारठ्यात मॅडम माझे दोन्ही हात टॉवेलने मागे बांधत आणि एकेका मुलीला माझ्यावर सोडत. मी पडायचे, उठायचे. गुडघ्यांवर असा नकाशा तयार झाला होता, की आई म्हणायची, "एवढं खरचटून घेतलंस, निदान एखादा देश तरी ओळखू येऊ दे." मॅचमधला शेवटचा भाग, जो मी आजवर बेंचवरून बघत आले होते, तो आता मला खेळायला मिळायला लागला. आणि त्याच भागात तर खरी मजा असते! शेवटच्या वर्षी मी कॅप्टन झाले.

मॅचनंतर चहा आणि वाद, हे ठरूनच गेलं होतं. मॅचआधी मात्र तो माझ्याशी एक अक्षर बोलायचा नाही. समोरून आला तर भिंतीकडे बघत जायचा. मुली कोपराने ढोसायच्या: "तुझी शिट्टी आली बघ." मी म्हणायचे, गप्प बसा. पण केस जरा नीट बांधायचे.

सेमीफायनलला सगळं बिनसलं. म्हणजे, आम्ही जिंकलो. शेवटच्या क्षणी मी रिंगखाली घुसले, समोरच्या मुलीचा धक्का लागून पडले, आणि त्याने शिट्टी वाजवून मला दोन फ्री थ्रो दिले. दोन्ही आत गेले. मुलींनी मला उचललं. त्या गोंधळात मी त्याला शोधलं, तर तो चेंडू काखेत घेऊन एकटाच उभा होता. चेहरा असा, जणू तोच हरला होता.

त्या दिवशी तो चहाला थांबला नाही. पुढचे कितीतरी दिवस दिसलाच नाही. मी दुकानात गेले. मामा म्हणाले, समोर बँकेत गेलाय. परत गेले, मामा म्हणाले, माल आणायला गेलाय. तिसऱ्यांदा गेले, तर पडद्याखालून त्याचे बूट दिसत होते, आणि मामा म्हणाले, "तो... नाहीये."

"बूट इथे ठेवून गेला का?" मी विचारलं.

मामांनी बुटांकडे बघितलं. बूट हळूच एक पाऊल मागे गेले.

मी घरी आले. आईला वाटलं, फायनलचं दडपण आहे. बाबा म्हणाले, "जेवत का नाहीस?" मी म्हणाले, "भूक नाही." खरं तर इतका राग आला होता, की घास गिळवत नव्हता. काय केलं होतं मी? मीच पडले होते, मलाच धक्का लागला होता, दोन्ही थ्रो मीच मारले होते! आणि रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, जे रागापेक्षा जास्त टोचत होतं. त्याचं नाव घ्यायला मी तयार नव्हते.

फायनलच्या दिवशी आम्ही बूट बांधत बसलो होतो आणि मॅडम मीटिंगहून परतल्या. मॅचआधी दोन्ही कोच आणि रेफ्री यांची एक छोटी मीटिंग असते. मॅडम आत आल्या, दार लावलं आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. ओठ गच्च मिटलेले, खांदे हलत होते. आम्ही घाबरलो. मग कळलं, की मॅडम हसतायत. मॅडमना हसताना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून ओळखू आलं नाही.

"तुझ्या त्या शिट्टीने आज नाव मागे घेतलं," त्या मला म्हणाल्या. "आजच्या मॅचवर त्याची रेफ्रींच्या वरच्या पॅनेलसाठी परीक्षा होती. तीही सोडली. मुख्य रेफ्रींनी कारण विचारलं, तर म्हणाला, वैयक्तिक आहे. समोरच्या टीमच्या मॅडम म्हणाल्या, आमची काही हरकत नाही, याच्याइतका कडक रेफ्री दुसरा नाही. तर म्हणतो, 'माझी माझ्यावर हरकत आहे.' आम्ही म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणतो..." मॅडमनी डोळे पुसले. "म्हणतो, 'सेमीफायनलला मी सात नंबरला फाउल दिला. तो फाउल खरोखर झाला होता, की तो व्हावा असं मला वाटत होतं, हे मला आजही सांगता येत नाही. सात नंबर कोर्टवर असली, की मला बाकीच्या नऊ जणी दिसत नाहीत.' एवढं बोलला, लालबुंद झाला, आणि निघाला तो थेट कपाटाच्या दारातून बाहेर जायला!"

खोलीत एकच कल्ला झाला. खांबाने आरोळी ठोकली. मी माझ्या जर्सीवरच्या सात आकड्याकडे बघत बसले होते. कुणीतरी मला उभं केलं, कुणीतरी दाराकडे वळवलं. डाव्या बुटाची नाडी मी बांधलीच नव्हती.

त्यामुळे फायनलची सुरुवात मी कशी केली असेल, ते सांगायलाच नको. पहिला शॉट रिंगच्या जवळपासही गेला नाही. दुसरा बॅकबोर्डच्या वरून गेला. मॅडमनी टाइमआउट घेतला आणि माझ्या जर्सीचा गळा पकडला. "काय करायचं ते नंतर कर. लग्न कर, पळून जा, मला काही सांगू नकोस. आत्ता चेंडू पुढे ने!"

मी नेला. हळूहळू हात जागेवर आले. खांब मोकळी झाली की दिसायला लागली, कोपऱ्यातल्या मुली दिसायला लागल्या, पास सुटायला लागले. समोरची टीम तगडी होती. आम्ही सुटू बघायचो, त्या धरून ठेवायच्या. मध्यंतराला मी प्रेक्षकांत बघितलं. बाबा आले होते. आणि त्यांच्या शेजारी, निळा शर्ट.

पुढचं मला बाबांकडून कळलं. त्यांनीच त्याला हाक मारून बोलावलं होतं: "अहो डॉक्टर, इकडे या, मला यातलं ओ की ठो कळत नाही, जरा समजावून सांगा." आणि तो प्रामाणिकपणे समजावत होता. "आता तुमच्या मुलीने चेंडू न आपटता पाऊल टाकलं. चूक आहे." "आता तुमच्या मुलीने कोपर मारलं. रेफ्रींना दिसलं नाही." बाबा वैतागले. म्हणाले, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" तर तो कळवळून म्हणाला, "काका, यांच्याच बाजूचा! त्याचाच तर घोळ आहे!" बाबांनी मग त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं म्हणे.

शेवटचं अर्धं मिनिट. आम्ही एका गुणाने मागे. माझे चार फाउल झालेले. चेंडू माझ्या हातात. खांबाला दोघींनी घेरलेलं. मधली वाट मोकळी दिसली. मी घुसले. समोर त्यांची गार्ड आली, मी उडी मारली, आम्ही आदळलो, आणि पडता पडता मी सोडलेला चेंडू रिंगवर फिरला... फिरला... आणि आत गेला!

हॉल उसळला. आणि त्याच क्षणी शिट्टी वाजली. रेफ्रीने बास्केट रद्द केलं. फाउल माझा. पाचवा.

आमच्या बाजूचे सगळे लोक उभे राहून ओरडत होते. बाबा खुर्चीवर चढून ओरडत होते, ज्यांना मघापर्यंत रिंग म्हणजे काय ते माहीत नव्हतं. माझ्याही ओठांपर्यंत सगळं आलं होतं, अगदी तोंड उघडलं होतं. आणि मी वर बघितलं. त्या एवढ्या गर्दीत एकच माणूस खाली बसलेला होता. तोंड दोन्ही हातांनी झाकून, आणि मान... मान होकारार्थी हलत होती. बिचारा! त्याला ती हलवायची नव्हती. पण फाउल होता, आणि मान ऐकत नव्हती.

मला हसू फुटलं. फायनलच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात, पाचवा फाउल मिळालेला असताना, मी कोर्टच्या मधोमध उभी राहून पोट धरून हसत होते. मग मी हात वर केला, त्यांच्या पडलेल्या गार्डला उठवलं आणि बेंचवर जाऊन बसले. आम्ही हरलो.

नंतर रडलेही. कपडे बदलायच्या खोलीत खांबाच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. तिचा खांदा उंच, म्हणून बाकावर उभी राहून. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "युनिव्हर्सिटीच्या कोचनी तुला कॅम्पला बोलावलंय."

"हरलेल्या टीमच्या गार्डला?"

"त्या म्हणाल्या, कोर्टच्या या टोकावरून त्या टोकाचं बघणारी मुलगी त्यांना बऱ्याच दिवसांनी दिसली." मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तोंड धू."

मी तोंड धुऊन बाहेर आले. तो जिन्यापाशी उभा होता. मला बघून भिंतीकडे वळला, मग लक्षात आलं की आता त्याची गरज नाही, आणि परत वळला.

"फाउल होता?" मी विचारलं.

"होता. तिचे पाय थांबलेले होते. तुम्ही..."

"थोडं खोटं बोलला असतात, तर काय बिघडलं असतं? मी हरलेय आज."

"मग पुढच्या वेळी तुम्ही मला विचारलंच नसतं," तो म्हणाला. "आणि तुम्ही विचारावं असं... मला वाटतं. नेहमी."

वरच्या पायरीवर काही मुली उगाच रेंगाळत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या निघून गेल्या — पुढच्या वळणापर्यंत.

"परीक्षा का सोडलीत?"

"पुढच्या वर्षी परत असते."

"आणि लपून का बसलात? पडद्यामागे?"

"तुम्ही समोर आलात की मी सांगून टाकलं असतं. फायनलच्या आधी. तुमचा खेळ बिघडला असता."

"माझे पहिले दोन शॉट बघितलेत ना?"

त्याने डोळे मिटले. "मॅडमनी सांगितलं?"

"मॅडमनी सांगितलं. समोरच्या मॅडमनी बहुतेक त्यांच्या टीमला सांगितलं, कारण त्यांची गार्ड मला मध्यंतरापासून 'वहिनी' म्हणत होती. गावाला सांगून झालंय. राहिले ती एकटी मी."

"आता सांगून काय उपयोग? तुम्हाला माहीत आहेच..."

"मला ऐकीव गोष्टी चालत नाहीत."

तो जिन्याची एक पायरी खाली उतरला, म्हणजे आमचे डोळे समोरासमोर आले. शिट्टीशिवाय त्याला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. एक खिशात घातला, काढला, परत घातला.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "खूप. भांडताना तर फारच. मला इतके दिवस वाटत होतं, की मॅच संपू नये. मग कळलं, की मॅचशी त्याचा काही संबंध नाहीये." श्वास घेतला. "तुम्हाला तसं काही वाटत नसेल तर —"

"वाटतं," मी म्हणाले. "कधीपासूनचं वाटतं! आणि हे 'तुम्ही' आता पुरे कर. मला अजूनही वाटतंय, की तू मला बाहेर काढणार आहेस."

तो हसला. हात शेवटी खिशातून निघाला तो माझ्या हातात आला. त्याचा तळवा घामाने ओला होता, माझ्या बोटांना पट्ट्या होत्या, आणि वळणावरून कुणीतरी शिट्टी मारली. ती रेफ्रीची नव्हती, दोन बोटं तोंडात घालून मारलेली. नक्कीच खांब.

खाली उतरलो, तोपर्यंत कॉलेजची बस सुरू झाली होती. खांबाने खिडकीतून माझी बॅग उंच धरून दाखवली: "बॅग माझ्याकडे आहे! उद्या ये घ्यायला!" ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बाबा बसले होते. आमच्या मुलींमध्ये कसे कोण जाणे शिरले होते, आणि दोन्ही हात नाचवत मॅडमना फाउल म्हणजे काय ते समजावून सांगत होते. बस आमच्या शेजारून गेली तसे ते थांबले, खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आमच्या हातांकडे बघितलं. मी हात सोडवायला गेले. त्याने सोडला नाही.

"सावकाश या!" बाबा ओरडले.

बस वळली. रस्त्यावर संध्याकाळचे दिवे लागत होते, लांबचे, अगदी शेवटच्या चौकापर्यंतचे. घरी जायला दोन रस्ते होते. आम्ही लांबचा धरला.